सहा पिनांचा खोडा

कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला तो 17 मे रोजी, दुपारी पावणेतीनला. वेळ पक्की आठवते. कामगार जेवून नुकतेच परतले होते, बारापैकी अकरा लूम चालू झाले होते आणि बाराव्याचा खटखटाट सुरू व्हायच्या आधीच माझ्यासमोरचा स्क्रीन काळा झाला. लाइट गेली म्हणावं तर डोक्यावर पंखा फिरत होता. 20 तारखेच्या आत जीएसटीचं 3बी, म्हणजे दर महिन्याचं विवरणपत्र, भरायचं होतं आणि खरेदीची निम्मी बिलं अजून टॅलीत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढायची होती.

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. लूम आणि ऑफिस यांच्यामध्ये प्लायवुडची एकच भिंत. तिच्या फटींतून सुताची लव येते आणि टेबलावर, कीबोर्डात, चहाच्या कपावर, सगळीकडे बसते. कॉम्प्युटरच्या पोटातही ती जात असणार हे मला कळत होतं. महिन्यातून एकदा मागच्या जाळीवर ब्लोअर मारायचा, की आपलं कर्तव्य झालं, अशी माझी समजूत.

मशीन तसं जुनंच. पुण्याच्या ऑफिसांतून मुदत संपलेले कॉम्प्युटर स्वस्तात येतात, त्यांतलं एक. नावाजलेल्या कंपनीचं, काळं, बुटकं. चार वर्षं त्याने कधी कुरकुर केली नाही. हिशेब त्यातच, आणि हिशेबापेक्षा मोलाची अशी अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंधरा वर्षांची जकार्डची, म्हणजे टॉवेलात विणायच्या नक्षीची, डिझाइन्सही त्यातच. बॅकअप होता का? होता. डिसेंबरचा.

माझे वडील मिलमध्ये वायरमन होते. त्यामुळे टेस्टर आणि मल्टिमीटर मला परके नाहीत. आधी भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेबलफॅन लावून पाहिला, चालला. मॉनिटरची वायर काढून कॉम्प्युटरला लावली, काही नाही. कॅबिनेटच्या मागे हात धरला तर वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारी पेटी, तोच गेला, एवढं निदान तिथेच झालं आणि ते बरोबर होतं. चूक त्याच्या पुढच्या पावलावर झाली. कॅबिनेट न उघडताच मी नवा एसएमपीएस आणायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पेठ. दुकानदाराने एक प्रश्न विचारला, "किती वॅट?" मी म्हटलं, "साधा, ऑफिसचा आहे." त्याने 450 वॅटचा खोका काढून ठेवला. मी विचारलं, बसेल ना? "एसएमपीएस सगळे सारखेच, मॅडम. चोवीस पिन लावा, चार पिन लावा, हार्डडिस्कची लावा, झालं." चौदाशे रुपये देऊन मी बाहेर पडले. साडेदहालाच रस्ता तापला होता.

ऑफिसात येऊन जुनं कॅबिनेट उघडलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. चोवीस पिनांचं सॉकेट तिथे नव्हतंच. जुन्या एसएमपीएसमधून फक्त दोन जुड्या निघत होत्या. एक सहा पिनांची, मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य बोर्डाच्या, कडेला. दुसरी चार पिनांची, प्रोसेसरजवळ. बास. हार्डडिस्कला तर एसएमपीएसमधून वायरच नव्हती.

नवा एसएमपीएस खोक्यातून काढला तेव्हा त्याच्या वायरींचा पसारा कोळ्याच्या जाळ्यासारखा टेबलभर झाला. दुसरा कुणी असता तर तेव्हाच फोन फिरवला असता. मी मात्र दोष निघालेला एक पांढरा टॉवेल टेबलावर अंथरला आणि एकेक प्लग त्यावर मांडायला घेतला. भाकरी आणि शेंगाचटणी त्या दिवशी टेबलाच्या कोपऱ्यावरच खाल्ली. सगळे प्लग ओळखायला तास-दीड तास लागला, पण तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही, कारण पुढचं सगळं त्याच्या जोरावर निभावलं.

सगळ्यात मोठा चोवीस पिनांचा. खरं तर वीस अधिक चार, बाजूचा चारचा तुकडा सरकवून वेगळा करता येतो. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली तेव्हा वीसच पिना होत्या. चोवीस आल्या 2003 नंतर, आणि जुन्या बोर्डांची सोय म्हणून तो तुकडा सुटा ठेवतात. या प्लगमध्ये सगळ्या रंगांची जत्रा भरलेली असते. पिवळी बारा व्होल्ट, लाल पाच, नारिंगी तीन पॉइंट तीन, काळी म्हणजे शून्य. या चार रंगांवर बहुतेक काम चालतं. बाकीचे एकेकटे. जांभळी म्हणजे कॉम्प्युटर बंद असतानाही जागी राहणारी पाच व्होल्टची वायर. हिरवी म्हणजे चालू करण्याचा निरोप. राखाडी म्हणजे "सगळे व्होल्टेज ठीक आहेत, सुरू कर" असं एसएमपीएसने बोर्डाला सांगणं. निळी उणे बारा व्होल्टची, तिला आता फारसं कुणी विचारत नाही.

चार पिनांचे प्लग तीन प्रकारचे निघाले आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. "चार पिनवाला" म्हटलं की प्रत्येक जण आपापला समजतो. एक चौकोनी, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या. हा प्रोसेसरचा. 2000 साली पेंटियम 4 बरोबर आला म्हणून बाजारात अजून त्याला पी-4 म्हणतात. दुसरा लांबट, पांढरा, जाड पिनांचा: पिवळी, काळी, काळी, लाल. जुन्या हार्डडिस्कचा आणि सीडी ड्राइव्हचा. त्याला सगळे मोलेक्स म्हणतात. मोलेक्स हे कंपनीचं नाव, प्लग मूळचा दुसऱ्याच कंपनीचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. डालड्यासारखंच. तिसरा त्याचाच चिमुकला भाऊ, फ्लॉपी ड्राइव्हचा. फ्लॉपी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही, तरी 450 वॅटच्या नव्या कोऱ्या एसएमपीएसला तो लटकलेलाच होता.

मग आताच्या हार्डडिस्कचा, म्हणजे साटाचा, चपटा, काळा प्लग, आत इंग्रजी एलच्या आकाराची खाच. पंधरा पट्ट्या, पण मागे वायरी चार-पाचच. हा चुकायचा प्रश्न नाही.

खरे फसवे निघाले ते आठ पिनांचे. एक चार अधिक चार, दुसरा सहा अधिक दोन. दोन्ही काळे, दोन्हींत पिवळ्या आणि काळ्याच वायरी. एकावर बारीक अक्षरांत सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आणि दुसऱ्यावर पीसीआय-ई, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, असं लिहिलं होतं. चष्मा लावूनही मला ते टॉर्चच्या उजेडात वाचावं लागलं. पण अक्षरं पुसली गेली असली तरी ओळखायची खूण आहे. प्लगचा खटका, म्हणजे दाबून सोडवायची जीभ, ज्या बाजूला असते तिथे प्रोसेसरच्या प्लगमध्ये पिवळ्या वायरी असतात आणि ग्राफिक्स कार्डाच्या प्लगमध्ये काळ्या. म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसला तर बारा व्होल्ट थेट शून्यावर. तसं होऊ नये म्हणून काही पिनांची घरं पूर्ण चौकोनी आणि काहींची कोपरे छाटलेली करतात. चौकोनी पिन छाटलेल्या घरात शिरत नाही. उलट मात्र शिरते, आणि प्लॅस्टिक मऊ असतं, आणि माणसाला जोर असतो.

हे सगळं आता सांगते आहे, पण त्या क्षणी माझं लक्ष भलतीकडेच होतं. त्या सहा अधिक दोनमधला दोनचा तुकडा बाजूला केला की उरतो सहा पिनांचा प्लग. आणि माझ्या मदरबोर्डवर सॉकेट होतं सहा पिनांचं.

मी तो हातात घेऊन सॉकेटजवळ नेला. खोटं कशाला बोलू, टेकवलाही. अर्धा मिलिमीटर आत गेला आणि अडला. लूमवरचा माणूस अशा वेळी हातोडी मागतो. मला वडिलांची आठवण झाली. फ्यूज बसत नसेल तर फ्यूज चुकीचा आहे, होल्डर नाही, असं ते म्हणायचे. प्लग मागे घेतला आणि जुन्या एसएमपीएसच्या सहा वायरी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. दोन काळ्या, एक पिवळी, एक जांभळी, एक हिरवी, एक राखाडी. नव्याच्या सहात तीन पिवळ्या आणि तीन काळ्या. म्हणजे तो घुसला असता तर एसएमपीएसला साधा निरोप द्यायच्या पिनेवर बारा व्होल्ट पोचले असते. त्यानंतर दुरुस्ती एसएमपीएसची राहिली नसती.

त्याच वेळी दुसरी गोष्ट लक्षात आली. जुन्यात लाल वायर कुठेच नव्हती. नारिंगीही नव्हती. मग हार्डडिस्कला लागणारे पाच व्होल्ट कुठून येत होते? डिस्कची वायर बोटाने धरून मागे मागे गेले. ती मदरबोर्डवरच्याच एका छोट्या सॉकेटमध्ये संपत होती. तिथे लाल, पिवळी, काळी, सगळ्या होत्या. म्हणजे एसएमपीएस बोर्डाला फक्त बारा व्होल्ट देतो, आणि पाच आणि तीन पॉइंट तीन बोर्ड स्वतः बनवून डिस्कला वाढतो. आपल्याकडे एकत्र कुटुंबात सासूबाई सगळा किराणा भरतात आणि वाटे थोरली सून घालते, तसं.

मग लेबल वाचलं. जे सगळ्यात आधी वाचायला हवं होतं ते. एसएमपीएसच्या अंगावर लवेच्या थराखाली स्पष्ट छापलेलं होतं. बारा व्होल्टच्या वेगवेगळ्या ओळी, प्रत्येकीपुढे अँपिअर, आणि शेवटी एक ओळ: जागी राहणारी, तीही बारा व्होल्ट. पाचचं नावच नाही. नव्याच्या लेबलवर तीच जागी राहणारी ओळ पाच व्होल्टची होती.

खात्रीसाठी जुना भिंतीत लावून जांभळी आणि काळी यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला. शून्य. हिरवी आणि काळी यू-पिनेने जोडून पाहिली, पंखा हलला नाही. मेलेलाच होता. नव्याची हिरवी-काळी जोडली तर तो लगेच भुर्र करून फिरायला लागला. चांगला एसएमपीएस, चुकीच्या घरी आलेला.

दुपारी मोबाइलवर शोधताना चोवीस पिनांतून सहा पिना करून देणारी वायर सापडली. तीनशेच्या आत, 22 तारखेला घरपोच. चित्रात वायरी सरळ इकडून तिकडे गेलेल्या दिसत होत्या. मागवायचं बटण दाबायच्या आधी अण्णांना फोन करावा असं वाटलं, आणि ते बरं झालं.

अण्णा म्हणजे अशोक चौकाजवळ एका बोळात तीस-पस्तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. घरी तेलुगू, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि सोल्डरिंग करताना दोन्ही. फोनवर ते म्हणाले, "अक्का, त्या वायरीत मध्ये छोटा बोर्ड हाय का, डबीसारखा?" मी चित्र मोठं करून पाहिलं. नव्हता. "मग नको. जांभळीवर तुमच्या मशीनला बारा पाहिजे. नवा देणार पाच. वायर सरळ असली तर पाचाचे बारा कोण करणार? मशीन झोपूनच राहणार. एसएमपीएस घेऊन या. जुना. लेबल पुसू नका."

रिक्षाने गेले. त्यांच्या टेबलावर तेव्हा तीन उघडे टीव्ही बोर्ड होते आणि बाजूला मांजर झोपलेलं. त्यांनी एसएमपीएस उलटा केला, लेबलवरचा लांबलचक नंबर एका कागदावर उतरवला, मग सहा पिनांच्या प्लगचे दोन फोटो काढले. एक खटका वर ठेवून, एक तोंडाकडून. वॅटचा आकडा त्यांनी शेवटी लिहिला. "वॅट जास्त असला तर चालतंय. नंबर एक अक्षराने चुकला तर नाही. एकाच मॉडेलचं उभं मशीन आणि आडवं मशीन, दोघांचा सप्लाय वेगळा असतो. पेटी वेगळी, भोकं वेगळी."

मी त्यांना माझी सहाला सहा लावायची हुशारी सांगितली. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत, कपाट उघडून एक पिवळटलेला एसएमपीएस काढून दाखवला. त्याला शेजारी शेजारी दोन प्लग होते, सहा-सहा पिनांचे. एटीएक्सच्या आधीचा जमाना, पी-8 आणि पी-9. दोन्ही एकाच लांब सॉकेटमध्ये एकापुढे एक बसायचे आणि अदलाबदल झाली तरी बसायचे. "काळ्याजवळ काळी. आम्हाला उस्तादाने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. मधल्या चार वायरी काळ्या दिसल्या पाहिजेत. कामाला लागून आठ दिवस झाले होते, एका बँकेच्या मशीनला उलटं लावलं. बटण दाबलं." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, हाताने नुसता धूर दाखवला.

एटीएक्सने ती भानगड संपवली. एकच प्लग, एकाच दिशेने बसणारा. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका बड्या कंपनीने दिसायला तोच वीस पिनांचा प्लग ठेवून आतल्या वायरींची जागा बदलली होती, आणि बाजारातला साधा एसएमपीएस लावला की बोर्ड जळायचे. अण्णांचाही एक जळला होता, गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून भरून दिला. म्हणून वेगळा दिसणारा प्लग त्यांना आवडतो. "तुमचा सहा पिनवाला इमानदार हाय. मी वेगळा हाय, असं तोंडावर सांगतो. सारखा दिसून वेगळा निघतो त्याची भीती."

माझी चीड वेगळी होती आणि ती अजून आहे. जगभर सगळे चोवीस पिना वापरत असताना आपलाच वेगळा सांधा कशाला? अण्णांचं उत्तर शांत होतं. फक्त बारा व्होल्टचा सप्लाय बनवायला सोपा, वायरी कमी, आणि मशीन कमी कामात असताना वीज कमी वाया जाते. नंतर वाचलं की 2020 च्या सुमारास इंटेलनेच तसा प्रमाण आराखडा काढला, दहा पिनांचा, फक्त बारा व्होल्टचा, जागी राहणारी वायरसुद्धा बाराची. म्हणजे कल्पना चुकीची नव्हतीच. पण तो आराखडा येण्याआधीच बड्या कंपन्यांनी सहा, आठ, दहा, चौदा पिनांचे आपापले संसार थाटले होते. आणि ते एकमेकांच्या घरी चालत नाहीत. हे मशीन विकताना कुणी सांगत नाही, एसएमपीएस विकतानाही नाही.

अण्णांनी पुण्याला जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला फोन केला. नंबर जुळला. वापरलेला, पण तपासलेला. 20 तारखेला सकाळी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येईल. मला 20 पर्यंत थांबायचं नव्हतं.

म्हणून 18 च्या संध्याकाळी मी हार्डडिस्क काढून टॉवेलात गुंडाळली आणि जुळे सोलापूरला नणंदेकडे गेले. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉम्प्युटरला एका बाजूला काच, आत रंगीत दिवे, एसएमपीएस चांगल्यातला, मॉड्युलर. म्हणजे वायरी पेटीला कायमच्या जोडलेल्या नसतात, हव्या तेवढ्याच मागे लावायच्या. माझी डिस्क त्यात दुसरी म्हणून लावायची, फाइली काढून घ्यायच्या, पंधरा मिनिटांचं काम. फक्त त्याच्याकडे साटाची जास्तीची वायर नव्हती. ती त्याच्या मित्राकडे होती. मित्र गाडीवरून येऊन देऊनही गेला. त्याचाही एसएमपीएस मॉड्युलरच, वेगळ्या कंपनीचा.

वायर सुरेख दिसत होती, काळी, चपटी. एका टोकाला सहा पिनांचा प्लग, तो पेटीत लावायचा. दुसरीकडे साटाचे दोन प्लग आणि शेवटी एक मोलेक्स. भाच्याने लावून पाहिली. खट् करून बसली, खटकासुद्धा पडला.

"बसली मामी. डिस्क द्या."

दुपारचं सगळं ताजं नसतं तर मी दिली असती. सहा पिना, आणि बसली. मी म्हटलं, थांब, आधी मोजू. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोहे मीठ मोजून करायला निघाले आहे. "मामी, साटा म्हणजे साटा असतो हो." मल्टिमीटर माझ्या पिशवीतच होता. डिस्क न लावता कॉम्प्युटर चालू केला आणि शेवटच्या मोलेक्समध्ये टोकं घातली. त्यात जागा पक्क्या असतात: कडेला पिवळीच्या घरात बारा, दुसऱ्या कडेला लालच्या घरात पाच, मधल्या दोन शून्य. या वायरी सगळ्या काळ्या होत्या, रंगाचा आधार नव्हता, पण मोलेक्सच्या दोन छाटलेल्या कोपऱ्यांवरून बाजू कळते.

पाचाच्या घरात आकडा आला 12.1.

मी टोकं काढून पुन्हा घातली. 12.1. भाचा पुढे वाकला, स्वतः मल्टिमीटर धरून मोजलं, आणि एवढंच म्हणाला, "आयला." मग फोन करून मित्राला, "काय वायर दिलालास बे!" यात मित्राची काहीच चूक नव्हती. साटाच्या बाजूचं टोक जगात सगळीकडे एकसारखं असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं वायर म्हणजे वायर. पण मॉड्युलर वायरीचं पेटीकडचं टोक कुठल्याही नियमात बसत नाही. कोणत्या पिनेतून काय सोडायचं ते प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. आणि प्लगचं प्लॅस्टिक मात्र तेच वापरतात.

डिस्कच्या पाच व्होल्टच्या वाटेने बारा गेले असते तर तिच्या पोटाखालचा हिरवा बोर्ड गेला असता. नशिबाने साथ दिली तर फक्त संरक्षणाचा छोटा डायोड जळतो आणि अण्णांसारखा माणूस वाचवतो. पण अप्पांची पंधरा वर्षांची डिझाइन्स मला नशिबावर ठेवायची नव्हती. माझ्या हाताला तेव्हा घाम आला होता आणि तो सोलापूरच्या उन्हाळ्याचा नव्हता.

भाच्याच्या एसएमपीएसची मूळ वायर माळ्यावर त्याच्याच खोक्यात सापडली. पिशवीवर एसएमपीएसचं नाव छापलेलं, आणि ती दोन वर्षं तिथेच होती. पुन्हा मोजलं. एकीकडे 12.1, दुसरीकडे 5.04. मग डिस्क लावली. डिझाइन्सचा फोल्डर उघडला तेव्हा नणंदेने चहा आणून ठेवला होता आणि तो गार झाला. फाइली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. 19 च्या रात्री भाच्याच्या रंगीत दिव्यांच्या उजेडात मी 3बी भरलं. पोर्टलने दोनदा बाहेर फेकलं, पण ते दर महिन्याचंच.

20 ला सकाळी अकराला पार्सल आलं. अण्णांनी ते लगेच मशीनला लावलं नाही. आधी दोन्ही एसएमपीएसचे प्लग शेजारी धरून सहाही वायरी रंगाने जुळवल्या. मग नव्याला नुसती वीज देऊन जांभळी मोजली, 12.0. मग हिरवी-काळी जोडली, पंखा फिरला, पिवळी मोजली. त्यानंतर कॅबिनेटमध्ये ठेवून सहा पिना बसवल्या. अंगठ्याने, न दाबताच म्हणावं इतक्या हलक्या हाताने. चार पिनांचा लावला. बटण मी दाबलं.

चालू झाला तेव्हा मांजर उठून गेलं.

मेलेला एसएमपीएस अण्णांनी माझ्यासमोर उघडला. मला हात लावू दिला नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, घरच्या 230 ला डीसी केलं की एवढे होतातच, आणि असा धक्का जिवावर बेतू शकतो. झाकण निघाल्यावर आत पंखा दिसलाच नाही. पांढऱ्या, निळ्या, गुलाबी लवेची गच्च गादी. गेल्या दिवाळीच्या ऑर्डरीतले रंग मी ओळखले. वाऱ्याला वाट नाही, त्यात मे महिना. मी मागच्या जाळीवर ब्लोअर मारत होते त्याने लव बाहेर निघण्याऐवजी आत दाबली गेली होती. अण्णा म्हणाले, "पंखा बोटाने धरून मारायचं, नाहीतर तो गरगरून वेगळाच त्रास."

नवी पेठेतल्या दुकानदाराने 450 वॅटचा परत घेतला. पैसे नाही, बदल्यात माउस आणि एक बाहेरची डिस्क, वर आठशे रुपये माझेच. त्याला मी सहा पिनांच्या प्लगचा फोटो दाखवला. त्याने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि फोटो पाठवायला सांगितला.

आता ऑफिसातल्या कॉम्प्युटरला प्लायवुडच्या भिंतीपासून लांब, उंच कपाटावर जागा मिळाली आहे. एसएमपीएसच्या लेबलाचा आणि दोन्ही प्लगचा फोटो बिलाच्या फायलीत लावला आहे. भाच्याच्या घरी जाऊन त्याच्या सगळ्या मॉड्युलर वायरींना पेटीकडच्या टोकाला पोपटी सुताची गाठ मारून दिली, मित्राच्या वायरीला नारिंगी. परवा अप्पा गोदामातून विचारत होते, पोपटी सुताचा कोन अर्धा कुणी संपवला म्हणून.